जुना पत्ता कोणाच्या खिशात?

क्लस्टरमध्ये एका सर्व्हिसला दुसरी सापडेनाशी झाली की सगळे डीएनएसच्या नावाने ओरडतात. नाशिक परिसरातल्या छोट्या कंपन्यांचे क्लस्टर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. डीएनएसने चुकीचा पत्ता दिला, असं मी फार क्वचित पाहिलं आहे. त्याने बरोबर पत्ता दिला आणि विचारणाऱ्याने तो घेतलाच नाही, हे मात्र नेहमीचं. विचारणाऱ्याने सकाळी कधीतरी पत्ता विचारून खिशात घातलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत तो त्याच कागदावर विसंबून चालत राहतो. नवीन क्लस्टर उभारणाऱ्यांनी डीएनएस कसं लावायचं हे जेवढं वाचावं, त्याच्या दुप्पट वेळ हे खिसे शोधण्यात घालवावा, असं माझं मत आहे.

देवळाली कॅम्पात लॅम रोडला लागून असलेल्या एका जुन्या बंगल्यात द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. पॅकहाउस निफाड आणि दिंडोरीच्या बाजूला. शेतकऱ्यांच्या मालाची वजनं, शीतगृहांतल्या तापमानाच्या नोंदी, निर्यातीची कागदपत्रं, पॅलेटवर चिकटवायची बारकोडची लेबलं, हे सगळं मात्र चालतं बंगल्याच्या मागच्या खोलीतल्या मशीनांवर. क्लाउडवर का नाही, असं मला बरेच जण विचारतात. मालकांचं उत्तर सरळ आहे: एकदा विकत घेतलेलं मशीन दर महिन्याला बिल पाठवत नाही. या मशीनांवर कुबर्नेटिसची के-थ्री-एस ही आटोपशीर आवृत्ती चालते. लहान जागेसाठी ती उत्तमच. हा क्लस्टर दुसऱ्या एका एजन्सीने उभा केला होता आणि तो माझ्याकडे आला तेव्हा सोबत कागद म्हणून काहीही नव्हतं.

सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणजे काय, हे कॅम्पातल्या माणसाला समजावायला फार कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याची शाळा काकूलहून इथे आली, तेव्हापासून या गावात घरटी कुणीतरी फौजेशी जोडलेला. माझे वडील तोफखान्यात होते. त्यांना जाणाऱ्या पत्रावर गावाचं नाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि खाली ‘केअर ऑफ ५६ एपीओ’. पूर्वेकडच्या युनिटांना ९९ एपीओ. युनिट पठाणकोटला आहे की राजस्थानच्या वाळूत, हे आईला ठाऊक नसायचं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. युनिट आज कुठे आहे याची नोंद दिल्लीतल्या बेस पोस्ट ऑफिसात असे. युनिट हललं की नोंद बदले, पाकिटावरचा मजकूर तोच राही. कुबर्नेटिसमध्ये पॉड, म्हणजे चालू प्रोग्रामची एक प्रत, हे सतत बदली होणारं युनिट. तो मेला, दुसऱ्या नोडवर, म्हणजे मशीनवर, उठला, की त्याचा आयपी बदलतो. म्हणून कुणीही पॉडचा आयपी लिहून ठेवायचा नाही, सर्व्हिसचं नाव लिहायचं. कोणत्या नावामागे आत्ता कोणते पॉड तयार आहेत याची वही कुबर्नेटिस ठेवतं. त्या वहीला एंडपॉइंटस्लाइस म्हणतात. नावावरून पत्ता सांगतो तो कोअर-डीएनएस. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून तोच ठरलेला आहे.

एवढं असूनही गाडी अडते ती कशी, हे एका मार्चमधल्या घटनेवरून सांगते.

दुपारी लाइट क्षणभर गेली आणि आली. एका मशीनच्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली होती, ते मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं. त्यावरचे पॉड पुन्हा उठले, सगळे हिरवे दिसू लागले. त्या वेळी कुणाला काही जाणवलं नाही, कारण पॅलेटची लेबलं लागतात ती संध्याकाळी, माल भरताना. दिवेलागणीनंतर निफाडच्या पॅकहाउसमधून सुपरवायझरचा फोन आला.

“ताई, लेबल निघत नाहीत. रीफर दाराशी लागलाय आणि पॅलेट बाहेर काढलेत.”

“दादा, पॅलेट आधी आत घ्या. लेबलचं मी बघते.”

हे आधी सांगावं लागतं. शून्य अंशाच्या आसपास थंड केलेली पेटी मार्चच्या हवेत राहिली की मण्यांवर पाणी धरतं. आतला सल्फरचा पॅड ओला झाला तर त्याचा वायू एकदम सुटतो आणि मण्यांचा रंग उडतो. मग युरोपात पोचल्यावर तो माल कोणी हातात धरत नाही.

लेबलच्या पानावर ४०४ येत होतं. ४०४ म्हणजे सर्व्हर भेटला, मागितलेलं पान मात्र त्याच्याकडे नाही. साहजिकच बोटं लेबलच्या प्रोग्रामकडे वळली. पुण्याहून डेव्हलपरने आदली आवृत्ती परत चढवली. तरीही ४०४. पॉड चालू, एनएसलुकअपने नाव विचारलं तर पत्ता बरोबर, त्या पत्त्यावर थेट मागणी केली तर लेबल छान निघतं. ब्राउझरमधून मात्र ४०४.

उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी. तापमानाच्या नोंदी घेणारी सर्व्हिस ठीक आहे ना, हे बघायला तिचा लॉग उघडला, तर त्यात लेबलच्या मागण्यांची रांग. प्रत्येकीपुढे ४०४. लेबल मागणारी माणसं तापमानवाल्याच्या दारात उभी होती आणि तो इमानदारीने सांगत होता की माझ्याकडे लेबल नाहीत.

ब्राउझरच्या मागण्या आत वळवणाऱ्या समोरच्या एनजिनएक्सला लेबलच्या सर्व्हिसचं नाव दिलेलं होतं, आयपी नव्हे. म्हणजे वरवर सगळं नियमानुसार. पण एनजिनएक्सला कॉन्फिगमध्ये साधं नाव दिलं तर तो ते चालू होताना एकदाच विचारतो आणि पुढच्या रीलोडपर्यंत तेच उत्तर धरून बसतो. त्यात ही सर्व्हिस हेडलेस प्रकारची होती. साध्या सर्व्हिसला न बदलणारा एक क्लस्टर-आयपी मिळतो; हेडलेसमध्ये नाव विचारलं की थेट पॉडचा आयपी मिळतो. दुपारी पॉड १०.४२.२.३७ सोडून १०.४२.२.११९ वर गेला. एनजिनएक्स दुसऱ्या मशीनवर होता, तो बंद पडलाच नाही, त्यामुळे त्याच्या खिशात ३७ तसाच राहिला.

आता ३७ वर तापमानवाला कसा आला? क्लस्टरवर दर मिनिटाला चालणारं एक छोटं काम होतं. त्याचा पॉड बहुतेक त्याच नोडवर उठायचा आणि मरायचा. एका नोडकडे वाटायला साधारण अडीचशे पत्ते असतात. दर मिनिटाला एक वापरला तर चार तासांत फेरी पूर्ण होऊन जुने पत्ते पुन्हा वाटले जातात. संध्याकाळी तापमानाची सर्व्हिस अपडेटसाठी बंद-चालू केली आणि तिच्या वाट्याला ३७ आला. दोघीही ८०८० वरच ऐकत होत्या. हा पत्ता रिकामा राहिला असता तर निदान जोडणीच झाली नसती आणि रोख लगेच नेटवर्ककडे गेला असता.

एनजिनएक्स रीलोड केला, लेबलं निघाली. इथे एक गोष्ट जरा मोठ्याने सांगते. कुणी पहिल्या पाच मिनिटांत वैतागून सगळं रीस्टार्ट केलं असतं तर समस्या गेली असती आणि कारणही तिच्यासोबत गेलं असतं. मग एप्रिलमध्ये पुन्हा लाइट गेली असती. रीस्टार्ट करण्याआधी जाणारी मागणी नक्की कोणत्या आयपीवर जातेय, हे एकदा पाहून ठेवा. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये अपस्ट्रीमचा पत्ता छापण्याची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ऐन वेळी ती ओळ घालायला गेलात तर रीलोड करावा लागतो, आणि रीलोडने पुरावाच पुसला जातो.

उपाय म्हणून काय करायचं? बहुतेकांना माझा सल्ला हाच: हेडलेसच्या नादी लागू नका. साधी क्लस्टर-आयपीवाली सर्व्हिस घ्या. पॉड कितीही हलले तरी तो आयपी सर्व्हिस पुसेपर्यंत बदलत नाही, म्हणून खिशात राहिला तरी नुकसान नाही. हेडलेस डेटाबेससारख्या ठिकाणी लागतं, जिथे ‘कोणताही एक’ चालत नाही आणि ठरावीक पॉडच गाठायचा असतो. एनजिनएक्समागे हेडलेस ठेवायचंच असेल तर त्याला रिझॉल्व्हर सांगून नाव व्हेरिएबलमधून द्या, म्हणजे तो ठरावीक वेळाने पुन्हा विचारतो. १.२७.३ पासून फुकटच्या आवृत्तीतही अपस्ट्रीममध्ये पुन्हा विचारण्याची सोय आली आहे.

एनजिनएक्सचा खिसा एक झाला. जावाचा दुसरा. जावा मिळालेला पत्ता स्वतःकडे ठेवतं, साधारण ३० सेकंद. पण जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर कायमचा. निर्यातीची कागदपत्रं बनवणारा प्रोग्राम जुन्या जावावर असेल, आणि आपल्याकडे असे प्रोग्राम हटकून असतातच, तर पत्ता किती वेळ ठेवायचा ती सेटिंग स्वतः लिहून टाका. तिसरा खिसा कनेक्शन-पूलचा. डेटाबेसशी एकदा उघडलेली जोडणी तासन्‌तास चालू राहते. ती तुटेपर्यंत नाव पुन्हा विचारण्याचा प्रश्नच येत नाही. जीआरपीसी वापरणाऱ्यांना याचा वेगळाच त्रास होतो. सगळ्या मागण्या एकाच लांब जोडणीतून जातात आणि क्लस्टर-आयपी वाटणी करतो ती जोडण्यांची, मागण्यांची नव्हे. हंगामात भार वाढला म्हणून पॉड दोनाचे सहा केले तरी नवे चार हात बांधून बसतात. तिथे सर्व्हरकडून जोडणीचं कमाल आयुष्य ठरवून द्यावं, नाहीतर हेडलेस घेऊन वाटणी क्लायंटने करावी. हेडलेसचा हा एक रास्त उपयोग.

तक्रार आली की मी कोणत्या क्रमाने बघते, तेही सांगते. सुरुवात नावापासून करत नाही, वहीपासून करते. सर्व्हिसच्या एंडपॉइंटस्लाइसमध्ये पत्ते आहेत का? नसतील तर दहापैकी नऊ वेळा सर्व्हिसचा सिलेक्टर आणि पॉडवरचं लेबल जुळत नसतं. एकीकडे ‘लेबल-प्रिंट’ आणि दुसरीकडे ‘लेबलप्रिंट’, एवढ्या एका आडव्या रेघेवर अर्धी रात्र गेलेली मी पाहिली आहे. अशा वेळी नाव व्यवस्थित सापडतं, क्लस्टर-आयपीही मिळतो, मागे कोणीच नसल्यामुळे जोडणी नाकारली जाते. पत्ते असतील तर थेट पॉडच्या आयपीवर मागणी करून बघायची. तिथे चालतं आणि सर्व्हिसमार्फत चालत नाही, तर पोर्ट बघायचा. सर्व्हिसचा पोर्ट आणि पॉडचा टार्गेट-पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर नाव. नाव विचारायचं ते तक्रार करणाऱ्या पॉडच्या आत शिरून. आपल्या लॅपटॉपवरून विचारलेल्याला काही अर्थ नाही, कारण त्या पॉडचा नेमस्पेस वेगळा, त्याच्यावरची नेटवर्क पॉलिसी वेगळी. पॉलिसी लावताना लोक ५३ पोर्टची यूडीपी वाट सोडतात आणि टीसीपी विसरतात; मग उत्तर लहान असेल तेव्हा चालतं, मोठं झालं की अडकतं. आणि क्लस्टर-आयपीला पिंग करून ‘सर्व्हिस मेली’ असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. तो आयपी कोणत्याही मशीनवर नसतो, बहुतेक मांडण्यांत तो पिंगला उत्तर देतच नाही.

बाहेरची नावं हळू सापडतात, ही आणखी एक नेहमीची तक्रार. पॉडच्या डीएनएस सेटिंगमध्ये ‘एनडॉट्स ५’ असं लिहिलेलं असतं. नावात पाचापेक्षा कमी टिंबं असतील तर ते आधी क्लस्टरमधलं समजून शोधलं जातं: नेमस्पेस जोडून, मग सर्व्हिसचा भाग जोडून, मग नुसता क्लस्टर जोडून, आणि प्रत्येक वेळी आयपीव्ही-फोर व सिक्स अशा दोन चौकश्या. एका हवामानाच्या सेवेला विचारायला निघालं की सहा फुकट हेलपाटे होतात. नावाच्या शेवटी एक टिंब दिलं तर शोध सरळ बाहेर जातो. ते जमत नसेल तर त्या पॉडपुरता हा आकडा २ करा.

वहीत नोंद कधी चढावी आणि कधी उतरावी, यावर कोणी फारसं लक्ष देत नाही, म्हणून थोडं रेंगाळते. रेडिनेस प्रोब लिहिला नसेल तर कंटेनर सुरू झाला की पॉड ‘तयार’ धरला जातो. प्रोग्राम अजून डोळे चोळतोय आणि मागण्या येऊन थडकतात. प्रोब लिहा, पण त्यात डेटाबेसची चौकशी घालण्याचा मोह आवरा. डेटाबेस पाच सेकंद अडखळला तर सगळे पॉड एकदम वहीतून उतरतात आणि ज्या पानांना डेटाबेस लागतच नव्हता तीही बंद होतात. पॉडने स्वतःपुरतं सांगावं. उतरतानाची भानगड उलटी आहे: पॉडला थांबायचा इशारा आणि वहीतून नाव काढणं ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू होतात, एकामागून एक नव्हे. पॉड लगेच बंद झाला तर नाव निघेपर्यंत आलेल्या मागण्या बंद दारावर आपटतात. बंद होण्याआधी पाच-दहा सेकंद थांबायला सांगणारा प्री-स्टॉप हुक ठेवला की हे मिटतं. आणि मशीनची लाइट अचानक गेली तर इशारा द्यायलाही कोणी उरत नाही. नोड गप्प झालाय हे कळायला साधारण ४० ते ५० सेकंद, त्यावरचे पॉड दुसरीकडे उठायला आणखी ५ मिनिटं. हे आकडे मालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या मिनिटांत फोन वाजत नाही.

पत्ता सांगणाराच बंद पडला तर? के-थ्री-एस मुळात कोअर-डीएनएसचा एकच पॉड चालवतं. तो ज्या मशीनवर आहे तेच गेलं तर सगळा क्लस्टर पाच मिनिटं आंधळा. दोन करा, आणि दोन्ही एकाच मशीनवर बसणार नाहीत अशी अट घाला. मोठ्यांचंही काही वेगळं नसतं. रोब्लॉक्स ही खेळांची कंपनी २८ ऑक्टोबर २०२१ पासून ७३ तास बंद होती, कारण त्यांची सर्व्हिस शोधणारी कॉन्सल यंत्रणा भाराखाली गुदमरली. आणि काय बिघडलंय हे दाखवणारी देखरेखीची साधनंही त्याच कॉन्सलवर अवलंबून होती. २०२५ च्या ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या विभागात डायनॅमो-डीबीच्या पत्त्याची नोंद कोरी झाली. पत्ते अद्ययावत ठेवणारी दोन स्वयंचलित यंत्रं एकमेकांच्या कामावर चढली आणि नाव उरलं, पत्ता पुसला गेला. जगभरच्या कितीतरी सेवा त्या दिवशी लटकल्या. यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचं ते एवढंच की क्लस्टरकडे जाण्याची आपली स्वतःची वाट क्लस्टरच्या डीएनएसवर अवलंबून ठेवायची नाही. मशीनचे आयपी, स्विचचा आयपी, रीलोडची कमांड हे छापून खोलीच्या दारामागे चिकटवा. देखरेखीचा एक छोटा पहारेकरी क्लस्टरबाहेरच्या एखाद्या जुन्या मशीनवर बसवा.

कॉन्सल घ्यावं का, सर्व्हिस मेश लावावं का, असं मला तरुण मुलं विचारतात. कुबर्नेटिसबाहेरची मशीन, जुने सर्व्हर आणि क्लस्टर या सगळ्यांना एकच वही हवी असेल तर कॉन्सलला अर्थ आहे. एका बंगल्यातल्या सात-आठ मशीनसाठी नको. बिघडू शकणारी आणखी एक वस्तू घरात आणायची आणि तिचा तज्ज्ञ शोधत फिरायचं, हे कशाला? मेशमध्ये दिसण्यासारखं फार असतं आणि सादरीकरणात ते झकास दिसतं. पण रात्री दहाला कोणत्या प्रॉक्सीने कोणती मागणी कुठे वळवली हे उलगडणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर ते गळ्यात पडतं.

त्यापेक्षा जूनमध्ये, पॅकहाउस धुऊन-पुसून बंद झालं की एक दिवस काढा. एकेका मशीनचा प्लग खरोखर ओढा आणि प्रत्येक सर्व्हिसचं एकेक काम करून बघा: वजनाची पावती, तापमानाची नोंद, लेबल, कागदपत्रं. नुसते हिरवे ठिपके बघून समाधान मानू नका. आम्ही हे करतो, मालकांच्या चहासकट. पहिल्याच वर्षी कळलं की शीतगृहातले हातात धरायचे स्कॅनर नाव विचारतच नव्हते. कोणीतरी त्यांत एका मशीनचा आयपी टाइप करून ठेवला होता. दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये एकेक स्कॅनर हातात घेऊन तो बदलावा लागला, आणि त्यातल्या दोन स्कॅनरचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता.